हरकत नाही

नकाशा लावला तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर.
खिळा आधीचाच, उंच. म्हणून घणसोलीचा तो तुकडा
माणसाच्या डोळ्यांपेक्षा हातभर वर.
पहिल्या दिवशी कोणी आलं नाही.
दुसऱ्या दिवशी मी घरून स्टूल आणलं.

मुदत तीस दिवस.
जाहिरात आली होती पेपरात,
निविदा आणि नाव बदललेल्या माणसांच्या मधोमध.
मला दिलेलं टेबल, रजिस्टर, गोल शिक्का,
आणि शाईचं पॅड, ज्यात रोज सकाळी दोन थेंब पाणी.

लोक येतात ते आधी स्वतःला शोधतात.
बोट फिरतं: हे स्टेशन ना? मग हा नाला, मग आम्ही...
बोट थांबतं तिथे पिवळा रंग असतो,
नाहीतर नुसता आकडा.
एक जण म्हणाला, ह्या आकड्यात माझा पेरू आहे.
लिहून द्या, म्हटलं.
त्याने लिहिलं: पेरू. खाली सही.

देवस्थळी, निवृत्त, वही घेऊन आले सावलीची.
वर्षभर गच्चीवर खडूने आखलेली, महिनावार.
अठ्ठावीस मजले उठले की डिसेंबरात
साडेअकरापर्यंत आमच्याकडे ऊन नाही, म्हणाले.
एकोणीस पानं. प्रत्येकावर शिक्का मारला.
मग आवाज उतरवून:
फ्लॅटचा भाव कितीने पडेल, काही अंदाज?
तो आकडा वहीत नव्हता.

त्यांच्या मागे ज्ञानदेव शेलार, तुर्भ्याच्या बाजारात माथाडी,
मानेवर पोत्यांनी कमावलेला गोटा.
खोलीत सात जण. थोरला पोरगा रात्रपाळी मागून घेतो,
दिवसा पाय पसरायला मिळतात म्हणून.
फॉर्म त्याने उलटसुलट पाहिला.
"ह्यात हरकतीचीच जागा. मला घर पाहिजे, ते कुठं लिहू?"
सूचनेच्या रकान्यात.
तो रकाना दीड ओळीचा.
त्याने वरच्या मोठ्या चौकटीतच लिहिलं, गिरवून गिरवून:
हरकत नाही. लवकर बांधा.
माझ्या रजिस्टरलाही दुसरा रकाना नाही.
हरकत क्रमांक सहाशे बारा: हरकत नाही.

देवस्थळींनी ते वाचलं. चष्मा पुसला.
स्टूल त्याच्याकडे सरकवलं, बसा म्हणाले.
पुढे दोघंही काही बोलले नाहीत.

एकोणतिसाव्या दिवशी चांगुणाबाय मढवी,
टोपली जिन्यात, हातांना कोलंबीचा वास.
लिहायला येत नव्हतं, पण स्टुलावर चढली.
"पुनवंचा पानी यवर यतं,"
आणि नखाने ओढली रेघ
पिवळ्यातून, इमारतींच्या चौकोनांतून, आरपार.
"तुमचे नकशान यो नाय."
नकाशा खराब करू नका, असं म्हणायचं असतं.
मी म्हटलं, सावकाश उतरा.
अंगठा घेतला. हरकतीत काय लिहावं सुचेना.
लिहिलं: नकाशावर पाहावे.

सुनावणी झाली. माणशी चार मिनिटं.
पेरूवाला आला नाही.
शेलारला खाडा परवडत नव्हता; नाव तीनदा पुकारलं.
साहेबांनी कागद वाचून विचारलं,
हरकत नाही, तर बोलावलं कशाला?
हशा पिकला.
मी हसलो नाही असं नाही.

नकाशा स्कॅनिंगला गेला.
काल मुख्यालयातून फोन, नव्या मुलीचा:
सर, शीटवर एक रेघ उमटलीय, बारीक, वाकडी.
सूचीत नाही. रस्ता आहे का? नाला?
पुसून टाकू?

खिडकीतून खाडी दिसत नाही इथून,
समोर वाहनतळ.
थांबा, म्हटलं,
पौर्णिमा कधी आहे, ते बघून सांगतो.